चार नंबरची ओळ

कुई-मे मावशींनी चिखलाचे बूट दाराबाहेर काढून ठेवले, मोज्यांवरची माती झटकली, आणि हातातला कागद नेऊन थेट यिंग-रूच्या कीबोर्डवर ठेवला.

"पोरी, ह्यातली चार नंबरची ओळ कुठून उपटू?"

यिंग-रूच्या तोंडात मुळ्याचं सारण भरलेला बन होता. तो कसाबसा गिळून ती म्हणाली, "कुठून म्हणजे? मळ्यातून."

"मळ्यात चार नंबरची ओळ नाहीये."

"नाहीये कशी? तीननंतर काय येतं मग?"

"पाच," मावशी म्हणाल्या. एवढी शिकलेली पोर आणि हे काय विचारते, असा त्यांचा चेहरा झाला होता.

फान यिंग-रूला चहा संशोधन केंद्रात येऊन आठ महिने झाले होते. तैपेईत संख्याशास्त्र शिकलेली, बोटांनी चपळ, आणि आपण चपळ आहोत हे पुरतं ठाऊक असलेली. केंद्रामागच्या टेकडीवर चहाच्या वीस ओळी होत्या आणि प्रत्येक ओळ म्हणजे एक वेगळं वाण. कुणी पंधरा वर्षांचं, कुणी वीस. जूनमध्ये त्यांची पानं खुडून चहा केला होता, केंद्राचे प्रमुख लिआव साहेब धरून पाच जणांनी चाखून मार्क दिले होते, आणि त्या मार्कांचा हिशोब लावून कोण पहिलं, कोण शेवटचं हे सांगायचं काम यिंग-रूचं होतं. पहिलं येईल त्याची शिफारस शुक्रवारी समितीपुढे जायची होती. समितीने मान डोलावली की त्या वाणाला नाव मिळणार, रोपं गावोगाव जाणार. शेवटच्या पाच ओळी मात्र उद्या, गुरुवारी सकाळी उपटायच्या होत्या, कारण नवी रोपं येऊन पडली होती आणि टेकडी काही वाढत नव्हती. कागदावर तेच पाच आकडे होते. तीन, चार, आठ, अकरा, सतरा.

"मावशी, वीस ओळी आहेत ना?"

"वीसच आहेत."

"मग एक ते वीस नंबर."

"एक ते बावीस," मावशी म्हणाल्या. "चार नाही, चौदा नाही. खुंट्या आमच्या आ-कुन काकांनी ठोकल्या. ते म्हणाले, आपल्या बोलीत चार आणि मरण एकसारखेच ऐकू येतात, मरणाचा आकडा गळ्यात बांधलेलं झाड जगलंय का कधी? तुझ्या साहेबांच्या आधीचे मोठे साहेबसुद्धा तेव्हा हसले, पण चार लिहा असं काही म्हणाले नाहीत."

यिंग-रूही हसली. काय ही खेड्यातली माणसं, असं तिच्या मनात आलं, आणि ते पुरतं येऊन पोचायच्या आत तिचं हसू थांबलं. ती राहायची त्या इमारतीच्या लिफ्टमध्ये तीनच्या वर पाचाचं बटण होतं. तिच्या आजीला ठेवलं होतं त्या दवाखान्यातही तसंच. आठ महिने रोज सकाळ-संध्याकाळ ती पाचाचं बटण दाबून चौथ्या मजल्यावर जात-येत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

आपण पोरीच्या सगळ्या हिशोबालाच हात घातलाय याची मावशींना कल्पनाच नव्हती. त्या आपल्या कागदावर बोट ठेवून उभ्या होत्या.

"ह्या चारच्या जागी कोणती ओळ ते तेवढं लिहून दे. बाकीच्या मी उद्या उजाडताच काढायला घेते." त्या जरा थांबल्या. "आणि सतरा मी सगळ्यात शेवटी काढीन. चालेल ना? कागदावर तीच शेवटी आहे तशी, पण विचारलेलं बरं."

"शेवटी का?"

"काही नाही गं. मीच बघितली ना तिला एवढी वर्षं."

यिंग-रू खुर्चीवरून उठली. "मावशी, चला. मला मळा दाखवा."

"आत्ता? ह्या चपलांवर?"

"ह्याच चपलांवर."

ऑक्टोबरातला कोरडा वारा सुटला होता. खालच्या गावात लोकांनी पर्सिमॉनची केशरी फळं सोलून गच्च्यांवर वाळत घातले होते, त्यांचा गोडसर वास टेकडीपर्यंत येत होता. फुलाफुलांच्या कापडाने टोपी हनुवटीखाली घट्ट बांधून मावशी पुढे चालल्या होत्या. चौसष्ट वर्षांची बाई, पण चढावर तिला दम लागत नव्हता. यिंग-रूला लागत होता. आठ महिन्यांत ती या टेकडीवर दोनदा आली होती, दोन्ही वेळा पाहुण्यांबरोबर, आणि फोटो काढून पहिल्या दोन-तीन ओळींवरूनच परतली होती.

ती एकेका खुंटीसमोर उभी राहून बोटांवर मोजू लागली. पहिली ओळ, खुंटीवर एक. दुसरी, दोन. तिसरी, तीन. चौथी ओळ, खुंटीवर पाच. पुढे बारावी ओळ, खुंटीवर तेरा. तेरावी ओळ, खुंटीवर पंधरा. आणि पंधराव्या ओळीपाशी ती पोचली तेव्हा खुंटीवर, पांढऱ्या रंगात, आ-कुन काकांच्या थरथरत्या हाताने लिहिलेलं होतं, सतरा.

तिच्या निकालात पहिला आलेला नंबर पंधरा होता.

"ही ती," मावशी म्हणाल्या. "जरा जपून, पाय नको देऊस मुळावर." उद्या स्वतःच्याच हातांनी उपटायच्या मुळांना त्या आज जपत होत्या, आणि त्यात त्यांना काही विचित्र वाटत नव्हतं.

"मावशी, हिच्या पानांना काय झालंय? कडा खाल्ल्यासारख्या..."

"तुडतुडे." मावशींचा चेहरा एकदम फुलला. "जूनमध्ये ये, मग बघ. तुडतुडे आले की आधी हिच्यावर येतात, मग बाकीच्यांकडे वळतात. आणि तुडतुड्याने चावल्याशिवाय पानाला मधाचा वास येत नाही, हे काही मी तुला सांगायला नको. आता माणसांना नाही आवडली ती गोष्ट वेगळी. पण तुडतुड्यांना काही कळत नाही, असं म्हणायचं का?"

"ही आली कुठून?"

"माझ्या आईच्या शेताच्या पाटात. दगडाच्या फटीत उगवली होती आपली आपण. मी दुधाच्या डब्यात घालून आणली. मोठे साहेब होते तेव्हा, चांगले होते, म्हणाले, लाव एका कडेला. मग तिच्याच फांद्यांचे काप लावून लावून अख्खी ओळ झाली. एकवीस वर्षं होतील येत्या वसंतात." त्या हसल्या. "तिच्या कागदावर काय लिहिलंय माहितीये? आई-बाप अज्ञात. मी म्हटलं, पाट बाप आणि दगड आई, लिहा की."

यिंग-रू पुढे गेली. सतराव्या ओळीपाशी थांबली. खुंटीवर एकोणीस होतं. बांबूच्या बेटाच्या सावलीत ती ओळ पिवळी पडून उभी होती, निम्मी झुडपं वाळलेली.

"हिला काय झालंय?"

"पाणी साचतं खाली. मुळं सडली. तरी बरं, जूनमध्ये कशीबशी मूठभर पानं निघाली. ही कशी पास झाली देव जाणे."

ही पास झालीच नव्हती. हिला बासष्ट पूर्णांक आठ मार्क पडले होते, वीस ओळींत सगळ्यात कमी, आणि ते बासष्ट पूर्णांक आठ यिंग-रूने सतराच्या नावावर घातले होते.

ती खोलीत परत आली आणि तिने तो प्रोग्राम उघडला. आर नावाच्या ज्या भाषेत ती हिशोब करायची, तिच्यात आकड्यांच्या रांगेला नावं देता येतात. देण्याच्या दोन रीती. एक म्हणजे आधी आकडे ओळीने मांडायचे आणि मग वेगळी नावांची यादी करून ती त्यांच्यावर एकदम चढवायची. दुसरी, कंटाळवाणी, म्हणजे प्रत्येक आकडा लिहितानाच त्याचं नाव त्याच्या शेजारी लिहायचं. चाखणाऱ्यांकडून मार्कांचा कागद आला तेव्हा त्यावर नंबर नव्हतेच. चाखताना कोणाला कळू नये म्हणून नंबर झाकून डबे ओळीच्या क्रमाने मांडले होते आणि मार्क त्याच क्रमाने खाली खाली लिहिले होते. यिंग-रूने ते वीस मार्क भराभरा टाइप केले, आणि खाली एक ओळ लिहिली की, नावं, एक ते वीस. अर्ध्या मिनिटाचं काम. आकडे वीस, नावं वीस. यंत्राने तक्रार करायचं काही कारणच नव्हतं, आणि त्याने ती केली नाही.

चाखण्याच्या खोलीतल्या कपाटात ते डबे अजून होते. तिने एकेक उचलून उलटा केला. प्रत्येकाच्या बुडाला मावशींनी खुंटीचा नंबर लिहिलेला होता, गोल गोल, शाळेतल्या मुलीसारख्या अक्षरात. पंधराव्या डब्याच्या बुडाला सतरा.

यिंग-रू जागेवर येऊन बसली. समोर उपटायची यादी पडली होती. तिने पेन उचललं, चारवर काट मारली, आणि वर पाच लिहिलं. मावशींनी तेवढंच तर मागितलं होतं. डिसेंबरात तिचा करार संपत होता आणि तो वाढवायचा की नाही हे लिआव साहेब ठरवणार होते. आणि पहिला नंबर मिळालेली पंधरा ही कोणाची होती? लिआव साहेबांचीच. एकोणीस वर्षांपूर्वी त्यांनी स्वतः दोन वाणांचा संकर करून ती तयार केली होती. निकाल लागला त्या दिवशी साहेबांनी सगळ्या केंद्राला खाली गावात नेऊन तांदळाच्या रुंद शेवया खिलवल्या होत्या, आणि ज्या माणसाने उभ्या जन्मात कधी तोंड उघडून गाणं म्हटलं नव्हतं तो माणूस दोन गाणी म्हणाला होता. जिल्ह्यात फोन गेले होते. वर कळवून झालं होतं.

पाच लिहिल्यावर तिला आठ दिसले. आठचं नऊ करायला हवं. अकराचं बारा. तीन तेवढा खरा होता. मग पेन सतरावर आलं आणि तिथे थांबलं. एकोणीस लिहिलं की सतरा वाचेल खरी, पण वाचून काय? वर नाव पंधराचंच जाणार. कोण्या एकाच्या डोक्यावरची टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर, आणि ती जन्मभर तशीच. मावशी मरतील तेव्हाही त्यांना वाटत राहील की माणसांना नाही आवडली. यिंग-रूला स्वतःची इतकी लाज वाटली की तिने तो कागद चुरगळून खिशात घातला.

मग तिने नवा प्रोग्राम लिहायला घेतला. या वेळी दुसऱ्या रीतीने. एकेक डबा बुडाकडून वाचायचा, आधी नाव लिहायचं, मग बरोबरचं चिन्ह, मग त्याचा आकडा, की पुढचा डबा. एक बरोबर अठ्ठ्याहत्तर पूर्णांक दोन. दोन बरोबर ऐंशी पूर्णांक पाच. जिथे ओठांवर आपसूक चार येत होतं तिथे पाच. अर्ध्या मिनिटाच्या कामाला तिला पाऊण तास लागला. सतरा बरोबर एक्क्याण्णव पूर्णांक तीन, असं लिहून झाल्यावर ती काही वेळ नुसती त्या ओळीकडे बघत राहिली. पंधराला शहात्तर होते. वाईट नव्हते. पण शहात्तर ते शहात्तर.

लिआव साहेब खिडकीपाशी उभे राहून फोनवर बोलत होते. "हो हो, शुक्रवारी सांगतोच सविस्तर. पिकलेल्या पीचचा वास, आणि मागून मध. मी चाखताना डोळे मिटले होते, आणि मनात म्हटलं, ही दुसऱ्या कोणाची असूच शकत नाही." फोन ठेवून त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "काय गं, धाकटी फान? चेहरा का असा?"

"साहेब, निकाल चुकलाय. माझ्याकडून चुकलाय."

तिने दोन्ही कागद त्यांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि सगळं सांगितलं. खुंट्या, डबे, एक ते वीस. मध्ये एकदाही न थांबता सांगितलं, कारण थांबली असती तर पाचावर धारण बसली असती. साहेबांनी चष्मा लावला. आधी जुना कागद पाहिला, मग नवा, मग परत जुना.

"कोणाकोणाला माहीत आहे हे?"

"मला. आणि मावशींना चार नंबर नाही एवढंच माहीत आहे. बाकी काही नाही."

"म्हणजे तुलाच."

"हो."

साहेबांनी खिडकीकडे पाहिलं. बाहेर कोणीतरी ढकलगाडी ढकलत नेत होतं, तिचं चाक कुरकुरत होतं.

"न सांगणं तुला शक्य होतं," ते शेवटी म्हणाले.

"करून बघितलं, साहेब. जमलं नाही." तिने खिशातून चुरगळलेला कागद काढून टेबलावर ठेवला. तो ठेवायची काही गरज नव्हती.

साहेबांनी तो उलगडला, चारवरची काट पाहिली, आणि परत घडी घालून बाजूला सरकवला. मग त्यांचा आवाज थोडा चढला. "आकडे तुझे, धाकटे फान. आज असे, उद्या तसे. जीभ माझी आहे. तीस वर्षांत माझ्या जिभेने मला फसवलं नाही. चाखायच्या खोलीत पाणी ठेव. पंधरा आणि सतरा, दोन्ही डबे काढ. मला सांगू नकोस कोणता कुठे आहे."

तिने ठेवलं. दोन पांढऱ्या झाकणाच्या भांड्यांत तीन-तीन ग्रॅम चहा, वर उकळतं पाणी, सहा मिनिटं. भांडी मांडायच्या आधीच तिने प्रत्येकाखाली त्याच्या नंबराची चिठ्ठी पालथी ठेवली, आणि गाळलेला चहा वाट्यांत ओतल्यावर चिठ्ठ्या वाट्यांखाली सरकवल्या. डबा उचलल्यापासून वाटी भरेपर्यंत ती एका वेळी एकाच चहाला हात लावत होती.

कुई-मे मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. "पोरी, ते चारचं..." म्हणून त्या थबकल्या. चाखायच्या खोलीत मळ्यातल्या माणसांनी यायचं नाही, असा नियम होता. अंगाला घामाचा, लसणाचा वास असतो, चहा लगेच धरतो. मावशी उंबऱ्याच्या बरोबर एक वीतभर अलीकडे थांबल्या.

साहेबांनी डावीकडच्या वाटीतून चमचाभर चहा घेतला, फुर्रकन ओढला, जिभेवर घोळवला, आणि थुंकला. "ठीक आहे. सभ्य आहे. शेवटी जरा कोरडा." मग उजवीकडचा. ओढला. घोळवला. डोळे मिटले. तो चहा त्यांनी थुंकला नाही.

डोळे उघडले तेव्हा त्यांचा चेहरा शेवयांच्या जेवणाच्या दिवशी होता तसा होता. "हीच," ते म्हणाले. "हीच माझी पंधरा. झोपेतून उठवून पाजा, तरी ओळखेन. पीच, आणि मागून मध. बघ, तुला सांगत नव्हतो?"

यिंग-रूने उजवीकडची वाटी उचलली आणि खालची चिठ्ठी उलटी केली.

सतरा.

साहेबांनी चिठ्ठी हातात घेतली, जणू तिच्या मागच्या बाजूला आणखी काही लिहिलेलं असेल. मग ती खाली ठेवून त्यांनी त्याच वाटीतून परत एक चमचा घेतला. हळूहळू प्यायले. तोही थुंकला नाही.

"मी किती जणांना सांगितलं असेल," ते पुटपुटले, "की ही चव माझी आहे?"

"जिल्ह्यात राहिलं नसेल कोणी, साहेब," दारातून मावशी म्हणाल्या. काय चाललंय हे त्यांना कळलेलं नव्हतं, पण प्रश्न विचारला गेला होता आणि उत्तर त्यांना येत होतं.

साहेब आधी नाकातून हसले, आणि मग मोठ्याने. ते हसू संपता संपता त्यांनी खिशातून फोन काढला. उभ्याउभ्याच बोलले. "हां, लिआव बोलतोय. शुक्रवारचं नाव बदलायचंय. पंधरा नाही. सतरा. हो, शुद्धीवर आहे... नाही, माझी नाही. माझी शहात्तरावर आहे." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. यिंग-रूने पुढे होऊन स्वतःच्या छातीकडे बोट दाखवलं. साहेबांनी तिच्याकडे पाठ फिरवली. "चूक केंद्राची. खुंट्या ठोकल्या तेव्हापासूनची. आम्ही सगळ्यांनीच त्या टेकडीवर वरचेवर जायला हवं होतं... कोणी वाढवली? लिहून घ्या. चुंग. चुंग कुई-मे. हो, बाई आहेत. इथेच आहेत."

यिंग-रूचा जीव भांड्यात पडला. डोळे भरून आले ते तिने लपवले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा आपण एखादी गोष्ट सावकाश केली आणि ती बरोबर आली, असं तिला वाटलं, आणि तिला मोठ्याने ओरडावंसं वाटलं. चाखायच्या खोलीत ओरडत नाहीत म्हणून ती ओरडली नाही. ती धावत जाऊन नवी यादी छापून आली, साहेबांनी तिच्यावर सही केली, आणि तिने ती दारात नेऊन मावशींच्या हातात दिली.

मावशींनी कागद लांब धरून बोटाने वाचला. तीन. पाच. नऊ. बारा. एकोणीस. बोट कागदाच्या तळापर्यंत गेलं, परत वर आलं, आणि पुन्हा एकदा खाली उतरलं.

"सतरा लिहायची राहिली की गं."

"राहिली नाही, मावशी. ती पहिली आलीये."

मावशींनी तिच्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे. साहेबांनी मान हलवली. मावशींनी कागदाची घडी घातली, ती आणखी एकदा दुमडली, मग आणखी एकदा, आता दुमडता येईना तेव्हा ती टोपीच्या कापडात खोचली.

"आत या," साहेब म्हणाले.

"माझे मोजे मातीचे—"

"या म्हणतो ना."

त्या आल्या. साहेबांनी उजवीकडची वाटी दोन्ही हातांनी पुढे केली, आणि मग काहीतरी ध्यानात येऊन त्यांनी विचारलं, "मावशी, तुम्ही हा प्यायलाय ना कधी?"

"मी? मी कुठून पिणार? पानं खुडली की तुम्हीच घेऊन जाता. ओळीचा सगळा मिळून होतो किती, दोन-चार मुठी. तो तुमच्या डब्यांत जातो." हे त्या अगदी सरळ म्हणाल्या, तक्रार म्हणून नव्हे.

यिंग-रूने साहेबांकडे पाहिलं नाही. साहेबही कोणाकडे पाहत नव्हते.

मावशींनी वाटी घेतली. वास घेतला. एक घोट घेतला, मग दुसरा. मावशींनी वाटी खाली ठेवली आणि नाक मुरडलं.

"कडू केलात की हो."

साहेबांनी वाटीत डोकावलं. "सहा मिनिटं ठेवतो आम्ही. नियम आहे. काही दोष असला तर वर यावा म्हणून."

"सहा मिनिटं!" मावशी म्हणाल्या. "चहा आहे का औषधी काढा? आणि पाणी उकळतं ओतलंत. कोवळं पान आहे हो ते, दगड आहे का? ते फेका. आणि दुसरं करा."

निम्म्या जिल्ह्याला चहा चाखायला शिकवलेल्या लिआव साहेबांनी दोन्ही वाट्या नेऊन मोरीत रिकाम्या केल्या, भांडी विसळली, आणि ताजं पाणी किटलीत भरून ठेवलं. सतराच्या डब्यातून त्यांनी तीन ग्रॅम तोलले. मग तोलायचं सोडून चिमूटभर आणखी घातला. मावशी तोवर चाखणाऱ्यांच्या उंच स्टुलावर जाऊन बसल्या होत्या. पाय जमिनीला टेकत नव्हते.

किटलीतून वाफ येऊ लागली. साहेबांनी ती उचलली आणि वळून पाहिलं.

"ओतू?"

"थांबा," मावशी म्हणाल्या. "मी सांगते तेव्हा."

आणि साहेब किटली हातात धरून थांबले.